ओढ्यातले काळे किडे: आधी ते श्वास कसा घेतात ते बघा

मालक, फोटो पाहिले. म्हणजे मोहोळ तालुक्यात शेताच्या कडेनं सीनेला मिळणारा ओढा, वरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद टाकलेलं नवं शेततळं, आणि दोन्हीकडे काळे चकचकीत किडे. ते चावतात का, मत्स्यबीज खातील का, औषध मारून संपवू का, आणि एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा असलेल्या ओढ्यात ते जूनमध्ये आले कुठून, असं तुम्ही विचारलंय. औषध तेवढं लगेच मारू नका. तुमच्या तीन फोटोंत तीन वेगवेगळ्या घराण्यांचे किडे आहेत. सगळे पाणभुंगेरेच, पण वागणं निराळं.

मी वीसेक वर्षं चहाची गाळणी आणि पांढरी थाळी घेऊन ओढ्याकाठी बसतोय. त्यावरून सांगतो, रंग आणि आकारावर जाल तर फसाल. किडा श्वासाला वर कसा येतो ते बघा.

पहिल्या फोटोतला अडीच सेंटीमीटरचा, कडेला पिवळी किनार असलेला, तो शिकारी पाणभुंगेरा. शास्त्रीय नाव सिबिस्टर. हा शेपूट वर करून येतो. पाठीवरचे कडक पंख आणि पोट यांच्यामध्ये हवा भरून घेतो आणि बुडी मारतो. पोहताना मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, नावेच्या वल्ह्यांसारखे. दुसऱ्या फोटोतला त्याहून मोठा, पूर्ण काळा, तो हायड्रोफिलस. हा डोकं वर करून येतो, मिशीनं पाण्याचा पडदा फोडतो आणि पोटाखाली हवेचा थर ओढतो. म्हणून पाण्यात उलटा झाला की पोट चांदीचं दिसतं. पाय आळीपाळीनं मारतो, त्यामुळे पोहणं जरा धांदरटच. मोठेपणी हा मुख्यतः कुजका पाला आणि शेवाळ खातो. चावत नाही, पण छातीखाली लांब टोकदार काटा असतो. पहिल्यांदा मी तो मुठीत घट्ट धरला होता, त्यानंतर कधी धरला नाही.

आता त्या हवेच्या बुडबुड्याची गंमत. तो नुसता डबा नाही. किडा आतला ऑक्सिजन वापरतो तसा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बाहेरून आत झिरपतो. म्हणजे बुडबुडा कल्ल्याचं काम करतो. पण आतला नायट्रोजन हळूहळू पाण्यात निघून जातो, बुडबुडा आक्रसतो, आणि किड्याला पुन्हा वर यावं लागतं. पाणी तापलं की दुहेरी अडचण: २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात, आणि किड्याची भूक मात्र वाढलेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबक्याशेजारी बसा, तेच किडे सारखे वर येताना दिसतील.

तिसऱ्या फोटोत दगडाला चिकटलेला तिळाएवढा ठिपका आहे. तुम्ही त्याला माती समजलात, पण माझ्या मते या ओढ्यातला सगळ्यात मोलाचा जीव तोच. एल्मिड कुळातला. याला पोहता येत नाही. लांब नख्यांनी खडकाला धरून खळाळत्या पाण्यात चालतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडतो. अंगावर इतकी दाट, पाणी न धरणारी लव असते की हवेचा पातळ थर तिच्यात कायमचा अडकून राहतो. तो आक्रसत नाही, म्हणून एकदा पाण्यात उतरला की याला सहसा वर यावं लागत नाही. मात्र पाणी वाहतं आणि ऑक्सिजननं भरलेलं हवं. साचलेल्या डोहात हा गुदमरतो. आणि साबणाचं पाणी आलं की लव भिजते, हवा सुटते, खेळ खलास. ओढ्यावर कपडे धुतात त्या जागेच्या खाली मला हा कधी मिळाला नाही. वरच्या अंगाला मिळाला.

ओढा आटल्यावर जातात कुठे? पहिले दोघे उडून जातात. पाणी ओसरायला लागलं की रात्री उठतात आणि विहीर, तलाव, नदीतला डोह गाठतात. एकरूख तलाव, उजनीचा फुगवटा, जिथं पाणी टिकतं तिथं. पाऊस पडला की परत. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट तऱ्हेनं ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, त्यावरून ते पाणी ओळखतात. काळं गुळगुळीत प्लास्टिक, गाडीचं टप, सौर पॅनेल यांवरूनही तसाच प्रकाश येतो. पहिल्या पावसानंतर सकाळी गाडीच्या टपावर टपटप पडलेले किडे बघितले असतील, ते हेच. म्हणजे तुमच्या शेततळ्याच्या काळ्या कागदानं त्यांना आमंत्रणच दिलंय.

मात्र शेततळ्यात त्यांचा संसार नीट होत नाही. सिबिस्टरची मादी पाणवनस्पतीच्या देठात अंडी घालते, आणि वाढलेली अळी काठावर चढून ओल्या मातीत कोष करते. कागदाच्या उतारावर माती कुठली? तुमच्याकडचे बहुतेक किडे पाहुणे आहेत. त्यांचा कारखाना ओढ्याच्या काठावर.

माशांचं म्हणाल तर भीती खरी आहे, पण सिबिस्टरच्या अळीची जास्त. कोयत्यासारखे दोन जबडे, त्यातून पाचकरस सोडायचा आणि भक्ष्य आतून पातळ करून शोषायचं. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, किंवा लहान बीज सोडणार असाल तर नुकसान होईल. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, सोडणार असाल तर मी काहीच करणार नाही. माणसाला? मोठा सिबिस्टर चिमटा काढतो, अळी त्याहून जोरात. विष वगैरे नाही. उलट डासांच्या अळ्या हे आवडीनं खातात.

जिरेच सोडायचे असतील तर मत्स्यशेतीतला जुना उपाय आहे, साबण-तेलाचं मिश्रण: हेक्टरी ५६ किलो वनस्पती तेल आणि १८ किलो साबण. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला साधारण ५ किलो तेल आणि दीड किलोवर थोडा साबण. वारा नसताना, जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी. पृष्ठभागावर तवंग येतो आणि हवेसाठी वर येणाऱ्यांची श्वासछिद्रं बुजतात. आठवडाभर आधी केलंत तर पैसे पाण्यात, कारण रात्री उडून नवे येतातच.

पण सांडवा बंद करून करा. एक थेंब ओढ्यात जाऊ देऊ नका. तिळाएवढा तो एल्मिड उडून परत येईल या भरवशावर राहू नका; बऱ्याच जातींत पाण्यात उतरल्यावर उडण्याचे स्नायूच झिजून जातात. आणि कीटकनाशकाची बाटली मुळीच नको, मासेही त्यानं मरतात.

जमलं तर तिसरा फोटो पुन्हा काढा. दगड पाण्यातून उचला, पांढऱ्या थाळीत उलटा ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. आधी काहीच हलत नाही, मग ठिपके चालायला लागतात. दगड परत ठेवताना मात्र होता त्याच बाजूनं ठेवा.