रंगाखालची भेग

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, राहणार सांगली. छोटी वाफेची इंजिनं बनवायचा छंद आहे. दोन महिन्यांपूर्वी कोल्हापुरातल्या जुन्या मशिनरीच्या एका व्यापाऱ्याकडून मायफोर्ड एमएल-७ लेथ (धातू कातायचं यंत्र) ९५,००० रुपयांना घेतला. 'बेड ग्राइंड केलेला, कुठेही सांधलेला नाही' असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं; बेड म्हणजे लेथचा लांब पाया, आणि ग्राइंड म्हणजे घासून सपाट केलेला. बिलावर मात्र 'जसे आहे तसे' असा शिक्का आहे. नव्याने रंगवायचा म्हणून जुना रंग काढला, तर चकजवळ (काम पकडणाऱ्या भागाजवळ) बेडला पुट्टीने बुजवलेली भेग निघाली. तो म्हणतो, 'बघून घेतलात, वर खोललात, आता परत नाही.' काय करावं?

उत्तर: आधी पॉलिश पेपर खाली ठेवा. निघालेली पुट्टी आणि रंगाचे पापुद्रे पिशवीत जपून ठेवा. भेगेचे फोटो काढा आणि ती अजिबात सांधू नका. छंदी माणसाचे हात शिवशिवतात, पण इथे दुरुस्ती म्हणजे पुरावा पुसणं.

'खोललात' या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ नुसार विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही केलंत, किंवा वाजवी मुदतीत नकार कळवला नाहीत, तर माल स्वीकारला असं धरतात. रंग काढणं त्यात बसवायचा प्रयत्न त्याचा वकील नक्की करेल. तसं ठरलं तर कलम १३ प्रमाणे लेथ परत करणं अवघड होतं, पण नुकसानभरपाई मागता येते. म्हणून नोटिशीत दोन्ही मागा: लेथ घेऊन पैसे परत द्या, नाहीतर किमतीतला फरक भरून द्या.

'बघून घेतलात' यात मला दम वाटत नाही. तपासणीत जे दिसायला हवं होतं, तेवढ्याचाच धोका ग्राहकाचा. पुट्टीखालचं कुणाला दिसणार? आणि पुट्टी त्यानेच भरल्याचं सिद्ध झालं, तर ते दोष दडवणं आहे. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये त्याला कपट म्हटलंय, आणि मग 'जसे आहे तसे' हा शिक्का त्याला वाचवत नाही. शिवाय 'ग्राइंड केलेला' हे त्याचंच लेखी वर्णन आहे. ते खोटं असेल, तर माल विक्री कायद्याचं कलम १५ (वर्णनावरून झालेली विक्री) लागू होतं.

ते खोटं आहे का, हे बेडच सांगेल. सॅडलच्या (बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) गिबचे, म्हणजे त्याचा खेळ कमी-जास्त करणाऱ्या पट्टीचे, स्क्रू चकजवळ हलका खेळ राहील इतके आवळा आणि सॅडल टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाकडे) सरकवा. तिकडे अडकला, तर बेड चकजवळ झिजलेला आहे. हे स्वतः करून थांबू नका. एखाद्या चार्टर्ड इंजिनिअरकडून झीज मोजून लेखी अहवाल घ्या, भेगेसकट.

दावा ग्राहक आयोगात करा. लेथ छंदासाठी घेतलाय, धंद्यासाठी नाही, त्यामुळे तुम्ही ग्राहक ठरता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सांगलीच्या जिल्हा आयोगातच तक्रार चालते, कोल्हापूरला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, आणि तोवर फोन बदलू नका.

पोलिसांत जायची घाई मी करणार नाही, 'हा दिवाणी वाद' म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने या आठवड्यातच जाऊ द्या, पंधरा दिवसांची मुदत देऊन.