स्पीड शंभरचा, पान मात्र हलेना

वाचकांच्या शंका : संगणक आणि इंटरनेट

प्रश्न : ऑफिसात १०० एमबीपीएसचं फायबर आहे. स्पीड टेस्ट केली की ९४-९५ येतात. तरी जीएसटीचं पोर्टल, बँकेची साइट, साध्या बातम्यासुद्धा उघडताना पान पांढरंच राहतं. मध्येच सगळं गोठतं, माऊसही हलत नाही. लाइनमन बघून गेला, "आमच्याकडनं ओके आहे" म्हणाला. आता बदलायचं काय? कनेक्शन, राऊटर की कॉम्प्युटर?
– कर सल्लागार, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : लाइनमन बहुधा खरंच बोलतोय. १०० च्या पोर्टवर ९४-९५ म्हणजे भरून मिळालं. वरचे पाच-सहा डेटाच्या वेष्टणात जातात. पण स्पीड टेस्ट जवळच्या एखाद्या सर्व्हरकडून सलग किती डेटा येतो एवढंच मोजते. पान उघडताना ब्राउझरला अनेक पत्ते शोधावे लागतात, प्रत्येकाशी सुरक्षित जोडणी करावी लागते, शेकडो बारीक फाइली आणाव्या लागतात आणि मग त्यातला प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरवर चालवावा लागतो. शंभरातले फार थोडे एमबीपीएस यात लागतात. त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते ते आधी शोधा, पाकीट नंतर उघडा.

माऊससुद्धा अडकतो, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा धागा. इंटरनेट बंद पडलं तरी माऊस अडकत नसतो. गोठायला लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क १०० वर चिकटलेली दिसली, तर दोष घरातच आहे. ४ जीबी रॅमवर विंडोज, टॅली, अँटिव्हायरस आणि क्रोमचे पंधरा टॅब मावत नाहीत. न मावलेलं विंडोज हार्ड डिस्कवर लिहून ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. फिरत्या डिस्कला प्रत्येक वेळी जागा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच फेऱ्या. मागणी हजारोंची असली की सगळा कारभार रांगेत उभा.

उपाय दोन : रॅम ८ जीबी करणं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) बसवणं. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि डिस्क फिरती असेल, तर आमचं मत एसएसडीच्या बाजूने. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करून मिळते, टॅली पुन्हा टाकावी लागत नाही. बॅकअप मात्र आधी घ्या. रॅम घेण्यापूर्वी जुनी काढून तिच्यावरचा शिक्का वाचा : डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख दिलेली असते, तिथे वाढवायची सोय नसते.

मेमरी, डिस्क दोन्ही निवांत असतील तर क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबा. कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) सीपीयू खातंय ते तिथे दिसतं. मग कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो खिडकीत तीच साइट उघडा. तिथे एक्स्टेन्शन बंद असतात. पान झटकन आलं तर चोर त्यांच्यातच आहे. पीडीएफ बदलणारी, कूपन शोधणारी आणि अँटिव्हायरसने न विचारता घुसवलेली, या तिघांवर आधी संशय घ्या. सगळी बंद करून एकेक चालू करत जा. पान सरकवताना पांढरे-काळे पट्टे दिसत असतील तर सेटिंग्जच्या सिस्टम विभागातलं ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा.

राहिला खिडकीचा डावीकडचा खालचा कोपरा. पान अडलं की तिथे बारीक अक्षरं येतात. 'रिझॉल्व्हिंग होस्ट' बराच वेळ दिसलं तर पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर मंद आहे. राऊटरमध्ये किंवा विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये डीएनएस मॅन्युअल करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका. याने स्पीड वाढत नाही, सुरुवातीची थांबण्याची वेळ जाते. 'वेटिंग फॉर' म्हणून साइटचं नाव दिसत राहिलं तर निरोप पोहोचलाय, उत्तर तिकडून यायचंय. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायला सगळा देश एकदम त्या पोर्टलवर जातो. त्याची दुरुस्ती नवी पेठेत होत नाही. दोन दिवस आधी भरा.

प्रश्न : सकाळी नेट उत्तम, दुपारी तीननंतर बसतं. व्हॉट्सॲपचा मेसेज जातो पण वेबसाइट उघडत नाही. ३०० चा प्लॅन घ्यावा का?
– टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : घाई करू नका. त्या वेळी कारखान्यातून वर काय चढतंय ते बघा. खरेदीदाराला मालाचे फोटो, ड्राइव्हवर डिझाइनच्या फाइली, कॅमेऱ्यांचं क्लाउड रेकॉर्डिंग. प्रत्येकी २ एमबीपीएसचे चार कॅमेरे म्हणजे ८. अपलोड १० चंच असेल तर उरले दोन. पान मागवण्याची विनंतीही याच वाटेने जाते आणि राऊटरच्या रांगेत अडकते.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा इंग्रजी अक्षरांत) पिंग -टी ८.८.८.८ ही उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा चालवून सकाळचा आणि दुपारचा आकडा ताडून बघा. सकाळी २०-३० मिलिसेकंद आणि दुपारी काहीशे, असं दिसलं तर निदान पक्कं. ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अपलोडला मर्यादा घाला, कॅमेऱ्यांना क्लाउडसाठी सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं, हलकं चित्र) द्या. राऊटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर एकूण अपलोड प्रत्यक्ष मिळतो त्याच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. एवढं करून नवा प्लॅन घ्यायचाच झाला, तर अपलोडचा आकडा विचारून घ्या. जाहिरातीत बहुतेक वेळा डाउनलोडचाच असतो.

आणखी एक : मागाच्या मोटारी सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि राऊटर गुपचूप रीस्टार्ट होतो. राऊटरच्या सेटिंग्जच्या पानावर 'अपटाइम' (सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) तासाभराचाच दिसला तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. तो घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट जुळवा, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त.

प्रश्न : घर जुनं, माळवदाचं. राऊटर पुढच्या खोलीत, मी मागे अभ्यासाला बसते. वायफायच्या दोन कांड्या दिसतात आणि पान अडकतं.
– विद्यार्थिनी, बाळीवेस

उत्तर : दगड-मातीच्या जाड भिंतीत वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झ जिरून जातो, २.४ कसाबसा पोहोचतो. स्वस्त रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. पुढून मागे नेटवर्कची कॅट-६ केबल ओढा आणि मागे जुना राऊटर लावा. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता म्हणजे आयपी पहिल्यापेक्षा वेगळा द्या आणि केबल लॅन पोर्टात खोचा, वॅनमध्ये नाही.

प्रश्न : काही साइट लगेच उघडतात, काही कायम अर्ध्यात थांबतात. मोबाइल डेटावर त्याच साइट ठीक चालतात.
– वाचक, बार्शी

उत्तर : कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल (पीपीपीओई) तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा (डेटाच्या तुकड्याचा) कमाल आकार, तपासा. या पद्धतीत प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ च मावतात. राऊटर १५०० वर असेल तर मोठी पॅकेटं वाटेत गळतात, छोटी निघून जातात. कमांड प्रॉम्प्टमध्ये (इंग्रजी अक्षरांत) पिंग -एफ -एल १४६४ १.१.१.१ द्या. उत्तर आलं नाही किंवा पॅकेट फोडायला हवं असा निरोप आला तर आकडा दहा-दहाने उतरवा. जो सगळ्यात मोठा आकडा पार होईल त्यात २८ मिळवून राऊटरच्या वॅन पानावर एमटीयू म्हणून भरा आणि राऊटर बंद करून चालू करा.