फॉर्म भरला, फी भरली, आता पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की या सदराची पेटी भरून वाहते आणि दरवर्षी जून-जुलैतली सगळी पत्रं एकाच सुरातली असतात. मी बावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली बरीचशी ॲडमिशनच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, म्हणून यंदा संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच पत्रं घेतलीत, नावं मुद्दाम काढून टाकलीत.

ताई, मी कळवणजवळच्या गावातली. बारावी सायन्स झालं, नाशिकला कॉलेज रोडच्या एका कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन मिळालीय. माझी आत्येबहीण म्हणते तिथली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात. पहिल्याच दिवशी उभं करून इंट्रो द्यायला लावला तर? इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का?

अगं, क्लासचे पैसे आत्ता तरी वाचव. तू बारावी सायन्स केलंस ना, म्हणजे पुस्तकं इंग्रजीतच होती, पेपर इंग्रजीतच लिहिलास, पास पण झालीस. सर मराठीत समजावायचे एवढंच. इथेही तेच आहे ग, फळ्यावर इंग्रजी आणि तोंडात मराठी, कारण वर्गात निम्मी मुलं तुझ्यासारखीच सटाणा, सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडून आलेली असतात. फाडफाड बोलणारी चार-पाच असतात, ती पुढे बसतात म्हणून जास्त दिसतात.

इंट्रोचं म्हणशील तर तीन वाक्यं पाठ कर: नाव, गाव, आधीचं कॉलेज. झालं. कोणी चौथं वाक्य मागत नाही, सरांना पण पुढची सत्तर मुलं उरकायची असतात.

आता माझी फजिती सांगते. मी येवल्याकडून आले तेव्हा मला इंग्रजी आकडे पटकन कळायचे नाहीत, सर हजेरी भरभर घ्यायचे, आणि मी पंधरा दिवस भलत्याच नंबरला प्रेझेंट सर म्हणत होते. सिक्स्टी फोर माझा, मी सिक्स्टी फाइव्हला ओरडायचे, आणि ती पासष्ट नंबरची मुलगी मजेत गैरहजर राहायची. डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागली तेव्हा माझं नाव वर आणि तिचं कुठेच नाही. रडत रडत स्टाफरूममध्ये गेले, सर इतके हसले, मग रजिस्टर दुरुस्त करून दिलं. ती मुलगी आजही माझी मैत्रीण आहे. तर पहिल्या आठवड्यात एवढंच कर, तुझा रोल नंबर इंग्रजीत कसा ऐकू येतो ते नीट ऐक, आणि हजेरी कागदावर फिरते की ॲपवर घेतात ते बघून घे.

इंग्रजीपेक्षा तुला घाम फोडेल ते जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. प्रॅक्टिकल झालं की त्याच आठवड्यात लिहायचं आणि सही घ्यायची. मुली काय करतात की नंतर लिहू नंतर लिहू म्हणत सगळं साठवतात, मग परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर आठ जणी मिळून एकाच जर्नलवरून उतरवतात, आणि ज्या मॅडमची सही हवी त्या नेमक्या रजेवर. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. अप्रन आणि प्रॅक्टिकलचं बाकी सामान मात्र आत्ताच घेऊ नकोस, लिस्ट लागू दे, मग सीनियरकडे जुनं विचार, अर्ध्या किमतीत मिळतं.

आणि अभ्यासाला शांत जागा हवी असेल तर आधी कॉलेजची रीडिंग रूम किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचार. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे सावाना म्हणतात, ते १८४० पासूनचं आहे, तिथली मेंबर हो. बीएस्सीसाठी नाही म्हणत मी, रविवारी होस्टेलवर घरची आठवण येऊन जीव जातो तेव्हासाठी.

मॅडम, मी सिन्नरचा. मुलाला बीकॉमला नाशिकला घातलंय. अप-डाउन करू द्यावं की रूम घेऊन द्यावी? त्याला बाइक पण पाहिजे आणि लॅपटॉप पण पाहिजे. आणि शिष्यवृत्तीसाठी कागद कोणते लागतात, कॉलेजात विचारलं तर नोटीस बोर्ड बघा म्हणाले.

भाऊ, नोटीस बोर्ड बघा हे आम्ही पण म्हणायचो, खोटं कशाला बोलू, रांगेत दोनशे लोक उभे असले की तेच तोंडातून निघतं. तर तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाइक दिवाळीनंतर पण घेता येते, शिष्यवृत्तीची तारीख गेली की गेली.

कागदाचा घोळ कुठे होतो माहितीये? कागद नसतो असं क्वचित होतं, कागद असतो पण जुना असतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर, दोन्हींवर शेवटी मुदत लिहिलेली असते, बहुतेक वेळा ३१ मार्च. लोक दोन वर्षांपूर्वीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतात आणि इथे आल्यावर कळतं की तो संपला. आज घरी गेल्यावर ती ओळ वाचा, संपला असेल तर उद्याच सेतूत जा, कारण जून-जुलैत सेतूत जत्रा असते. जातीच्या प्रवर्गातून ॲडमिशन असेल तर जात वैधता वेगळी लागते, नुसत्या जातीच्या दाखल्यावर भागत नाही, आणि तिला महिने लागतात. ज्यांची मुलं आत्ता अकरावी-बारावीला आहेत त्यांनी हे वाक्य परत वाचा.

दुसरा घोळ नावाचा. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरताना हे सगळं जुळावं लागतं. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव खरं धरा आणि आधार, बँक त्याप्रमाणे करून घ्या.

तिसरा घोळ सगळ्यात चिडवणारा. शिष्यवृत्ती मंजूर होते, स्टेटस हिरवं दिसतं, आणि पैसे खात्यात नाहीत. तर खात्याला आधार लिंक असणं आणि खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाची दोन खाती असतील तर डीबीटीसाठी शेवटी जे खातं आधारला जोडलं त्यातच सरकारी पैसे जातात, मग फॉर्ममध्ये तुम्ही कोणताही नंबर लिहा. एकदा एक आई माझ्या खिडकीवर भांडायला आल्या, पैसे कॉलेजने खाल्ले म्हणून, शेवटी शोधलं तर पैसे मुलीच्या शाळेतल्या जुन्या झिरो बॅलन्स खात्यात सहा महिने पडून होते. बँकेत जाऊन सरळ विचारा, डीबीटी या खात्याला आहे का.

योजना कोणती ते तुमच्या प्रवर्गावर आहे. खुल्या प्रवर्गात असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा. राहण्या-जेवणाच्या खर्चाला आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार आहे, प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, आणि सरकारी होस्टेलला नंबर लागला तर हे पैसे मिळत नाहीत. आदिवासी विकास आयुक्तालयच आपल्या नाशकात आहे, सुरगाणा-पेठकडच्या पालकांनी फोनवर ऐकीव माहिती घेण्यापेक्षा प्रकल्प कार्यालयात एक चक्कर मारावी.

मूळ मार्कशीट लॅमिनेट करू नका, हात जोडते. आणि कॉलेज मूळ एलसी जमा करून घेतं, त्याआधी तिच्या पाच-सहा झेरॉक्स आणि एक चांगला स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा.

आता रूम. पहिलं सेमिस्टर अप-डाउन करू द्या. सिन्नर तीसेक किलोमीटर, एसटीचा विद्यार्थी पास काढला तर तिकिटाच्या एक तृतीयांशात काम होतं, पुढे शहरात सिटीलिंकची बस आहे. बीकॉमचं कॉलेज बहुतेक सकाळचं असतं, दुपारी पोरगं घरी. मात्र सकाळची कोणती बस धरली तर पहिलं लेक्चर गाठता येतं ते कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघा, घड्याळ लावून, कारण द्वारकेच्या चौकात पंधरा मिनिटं कधी जातात कळत नाही. जमलं नाही तर रूम आहेच, आणि तेव्हा त्याला पार्टनर पण ओळखीचे मिळालेले असतील. रूम घेताना डिपॉझिट दिल्याचं घरमालकाकडून लिहून घ्या आणि सोडताना किती कापणार तेही आधीच बोलून घ्या, नाहीतर वर्षाच्या शेवटी रंगकामाच्या नावाखाली सगळं डिपॉझिट भिंतीला लागतं.

लॅपटॉप बीकॉमच्या पहिल्या वर्षाला लागत नाही. बाइकचं उत्तर मी दिलं तर तुमच्या घरात भांडण होईल, पण लायसन्स आधी, बाइक नंतर, एवढं म्हणते.

मॅडम, निफाड तालुक्यातला आहे, घरची द्राक्षबाग. बीए फर्स्ट इयर. दरवर्षी छाटणीला आणि नंतर डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, मला घरी थांबावं लागतं, मजूर मिळत नाहीत. आता ७५ टक्के हजेरीचं काय?

अरे, हा प्रश्न विचारणारा तू पहिलाच, आणि दरवर्षी निम्म्या वर्गाला हाच प्रश्न पडलेला असतो पण कोणी विचारत नाही, सरळ दांड्या मारतात आणि मग आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट आणतात. ऑक्टोबरात एकाच आठवड्यात पिंपळगाव-निफाडकडच्या वीस मुलांना टायफॉइड झालेला मी बघितलाय.

गणित साधं आहे. गोड्या बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबर, त्याच्या पुढे विरळणी आणि डिपिंग, आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा पण साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच कधीतरी. म्हणजे बाग आणि परीक्षा दोन्ही एकाच वेळी अंगावर येणार. म्हणून जुलै-ऑगस्टची हजेरी पूर्ण ठेव, एक लेक्चर सोडू नकोस, ७५ मधली सूट तुला ऑक्टोबरात वापरायचीय, ऑगस्टमध्ये सोमेश्वरच्या धबधब्यावर भिजायला जाण्यात नाही. बाबांबरोबर आत्ताच बस आणि छाटणी कोणत्या आठवड्यात घ्यायची ते ठरव. मग तुझ्या क्लास टीचरला आधी जाऊन सांग, नंतर नाही, की सर या आठ दिवसांत मी नसणार, घरी बाग आहे. नाशिकच्या कॉलेजातल्या कितीतरी सरांच्या घरी पण बागा आहेत रे, त्यांना छाटणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

एक मात्र लक्षात ठेव, सर समजून घेतील पण इंटर्नल चुकवू नकोस. आपल्याकडची बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली, १०० मार्कांच्या पेपरला ३० इंटर्नलचे आणि ७० विद्यापीठाचे. इंटर्नलच्या दिवशी डिपिंगचा टब सोडून यायचं, पेपर द्यायचा, परत जायचं. दोन तास धावपळ होईल, पण ते मार्क नंतर कोणी देत नाही.

मी सिडकोत राहतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे सगळं डोक्यावरून गेलं, मित्राने जे घेतलं ते मी घेतलं. चुकलं का? आणि रॅगिंग असतं का हो खरंच?

मित्र बघून मेजर घेतलं असशील तर चुकलं, इलेक्टिव्ह घेतलं असशील तर चालेल. मेजर म्हणजे तुझा मुख्य विषय, डिग्रीवर तोच येणार. मायनर जोडीचा. ओपन इलेक्टिव्ह तुझ्या शाखेच्या बाहेरचा, हवापालट म्हणून. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं आहे, आणि त्याप्रमाणे तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. क्रेडिट म्हणजे विषय पास झालास की मिळणारे गुणांक, ते तुझ्या एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतल्या खात्यावर, जमा होतात, तो आयडी डिजिलॉकरमधून काढ, पाच मिनिटांचं काम आहे आणि परीक्षेचा फॉर्म भरताना तोच मागतात. विषय बदलायचा असेल तर सुरुवातीचे थोडेच दिवस असतात, तर हे वाचून झाल्यावर लगेच ऑफिसला जा, सोमवारी बघू म्हणू नकोस. आणि खिडकीवर गेल्यावर मॅडम माझं काय करायचं असं म्हणू नकोस, मेजर अमुक आहे, तमुक करायचंय, फॉर्म कोणता, असं विचार. आतल्या माणसाला पण बरं वाटतं.

रॅगिंगचं, काही ठिकाणी होतं, विशेषतः होस्टेलवर. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाणं म्हणायला लावलं, नाव विचारलं, तुला पण हसू आलं तर तो वेगळा भाग. पण तुला नको वाटतंय आणि तरी थांबत नाहीत, पैसे मागतात, रात्री उठवतात, तर १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये आजच सेव्ह कर. नाव सांगितलं नाही तरी तक्रार घेतात.

ताई, मी मालेगावची. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर, नाशिकला होस्टेलवर. मी दिवसातून चार-पाच वेळा फोन करते तर ती चिडते. किती वेळा करावा?

एकदा. रात्री जेवणानंतर, ती मेसमधून रूमवर आली की. पहिले पंधरा दिवस दोनदा केला तरी चालेल, ती चिडेल, चिडू दे. आणि जेवलीस का असं विचारू नका, त्याला हो एवढंच उत्तर येतं. आज मेसला भाजी कोणती होती असं विचारा, मग बघा किती वेळ बोलते.