रोज खिशात ठेवायला आणि अडीअडचणीला भरवशाची टॉर्च कोणती घ्यावी?

एक नको, दोन घ्या.

खिशातली छोटी, टाइप-सी चार्जिंगची. 200-300 ल्युमेन (उजेडाचं माप) पुष्कळ झाले. खोक्यावर ‘1 लाख ल्युमेन’ छापलेलं असतं त्याला भुलू नका, तळहाताएवढ्या टॉर्चमधून तेवढा उजेड निघतच नाही. मी आधी मंद मोड बघतो, 5-10 ल्युमेनचा. लाइट गेल्यावर कुलपाचं भोक शोधायला तोच लागतो, आणि त्यावर बॅटरीही कितीतरी जास्त वेळ पुरते. बटण दाबल्या दाबल्या लुकलुकायला लागणारी असेल तर काउंटरवरच परत ठेवा. पावसाळ्यात बाहेर वापरणार असाल तर आयपीएक्स7 बघा: 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकते.

घरातली दुसरी मात्र पेन्सिल सेलवाली. वादळात दोन दिवस लाइट आली नाही तर चार्ज कुठे करणार? सेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतात. फक्त ते टॉर्चमध्ये घालून महिनोन् महिने ठेवू नका, गळतात. आमच्याकडे ऐन जुलैत टॉर्च उघडली तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर, झाकण फिरता फिरेना. आता सेल बाहेर, रबर लावून, टॉर्चशेजारीच.