रक्तात तांबे जास्त, जस्त कमी : गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : माझ्या आईला (वय 54) ऱ्हुमॅटॉइड संधिवात असून ती त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे औषध घेते. नुकत्याच केलेल्या तपासणीत रक्तातील जस्त कमी व तांबे जास्त आढळले. जस्ताच्या आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू कराव्यात का? तांब्याच्या भांड्यातील पाणी बंद करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या आजारात असा अहवाल येणे अनपेक्षित नाही, मात्र त्यावरून आईंच्या आहारात जस्त कमी पडते किंवा तांबे पोटात जास्त जाते, असा निष्कर्ष निघत नाही. सांध्यांचा दाह वाढला की यकृत सेरुलोप्लाझ्मिन नावाचे प्रथिन अधिक तयार करते, आणि रक्तद्रवातील बहुतेक तांबे याच प्रथिनात बांधलेले असल्यामुळे तांब्याचा आकडाही चढतो. त्याच वेळी जस्त रक्तातून यकृतात ओढले जाते. लोहाचेही तसेच आहे. शरीरात साठा असूनही ते रक्तात कमी दिसते, म्हणून या रुग्णांचा प्रत्येक अ‍ॅनिमिया लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.

सुजलेल्या सांध्यातील पांढऱ्या पेशी ऑक्सिजनची अतिक्रियाशील, पेशींना इजा करणारी रूपे सतत सोडतात आणि त्यांना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंट विकरांना (एन्झाइम्सना) जस्त, तांबे व सेलेनियम लागते. तेव्हा ही खनिजे वरून द्यावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. सिमकिन या संशोधकांनी 1976 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत झिंक सल्फेटने (जस्ताच्या क्षाराने) आराम पडल्याचे दिसले होते, परंतु पुढच्या चाचण्यांनी त्याला भक्कम दुजोरा दिला नाही. उलट जस्ताची मोठी मात्रा अनेक महिने घेतल्यास आतड्यातून तांबे शोषले जात नाही आणि त्यातून अ‍ॅनिमिया व मज्जातंतूंचे विकार उद्भवू शकतात.

तांब्याच्या भांड्यातील साधे पाणी बंद करण्याचे कारण नाही. ताक किंवा लिंबू सरबत मात्र त्यात ठेवू नये. रक्तातील तांब्याला घाबरणारी मंडळीच कधीकधी हातात तांब्याचे कडे घालायला सांगतात, हे गमतीचे आहे. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 70 रुग्णांवर केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा कड्याचा दाहावर काहीही उपयोग दिसला नाही.

आईंचा सीआरपी व ईएसआर (दाह किती आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) किती आहे, हे संधिवाततज्ज्ञांना दाखवून मेथोट्रेक्झेटची मात्रा पुरेशी आहे का, हे विचारावे. डॉक्टरांनी दिलेले फॉलिक अ‍ॅसिड मात्र ‘आणखी एक पूरक गोळी’ समजून थांबवू नये. ते मेथोट्रेक्झेटचे दुष्परिणाम कमी करण्यासाठीच दिलेले असते.