कोलंबियम कुठे गेलं?

प्रश्न असा आहे: इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यातल्या इंजिनांची नोझल (तप्त वायू बाहेर फेकणारी तोंडं) 'कोलंबियम' मिश्रधातूची असतात असं वाचलं, पण आवर्तसारणीत हे नाव सापडत नाही. हे कोणतं मूलद्रव्य?

सारणीत ४१ क्रमांकावर पाहा. तिथे निओबियम लिहिलेलं असेल. दोन्ही एकच.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेटने १८०१ साली ब्रिटिश म्युझियममधल्या एका खनिजात हा धातू ओळखला. खनिज अमेरिकेतून आलेलं आणि 'कोलंबिया' हे अमेरिकेचं काव्यातलं नाव, म्हणून कोलंबियम. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये एकेबर्गला टँटलम सापडलं. दोघांचे गुणधर्म इतके सारखे, की १८०९ मध्ये वोलास्टनने दोन्ही एकच असल्याचा निर्वाळा देऊन टाकला! तो चुकीचा होता. १८४४ साली जर्मनीच्या हाइनरिश रोझने टँटलमसोबतचं मूलद्रव्य वेगळं असल्याचं सांगितलं आणि ग्रीक पुराणातल्या टँटलसच्या मुलीवरून, नायोबीवरून, त्याला निओबियम म्हटलं. बापलेकीचं नातं या धातूंना अगदी शोभतं, कारण खनिजांत ते बहुधा एकत्रच सापडतात.

पुढे शंभर वर्षं अमेरिकेत कोलंबियम आणि युरोपात निओबियम असं चाललं. १९४९-५० च्या सुमारास रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने निओबियमवर शिक्कामोर्तब केलं. रसायनशास्त्रज्ञांनी ते मानलं, पण धातुउद्योगात आणि रॉकेटवाल्यांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. त्यामुळे इस्रोची भाषा चुकीची नाही, जुन्या वळणाची आहे.

नोझलसाठी हाच धातू का? वितळबिंदू सुमारे २४७७ अंश सेल्सिअस आणि घनता टँटलमच्या जवळपास निम्मी. खोट एवढीच, की तापल्यावर हवेत तो झपाट्याने ऑक्सिडाइज होतो, म्हणून वर संरक्षक लेप लागतो. एमआरआय यंत्रातल्या चुंबकाच्या तारा निओबियम-टायटॅनियमच्या असतात. द्रव हीलियमच्या थंडीत त्या अतिवाहक होतात, म्हणजे विजेला विरोधच करत नाहीत. पण खपाचा मोठा वाटा जातो तो पोलादात. चिमूटभर निओबियमनेही पोलादाची ताकद बरीच वाढते. जगातला बहुतेक पुरवठा ब्राझीलमधून होतो.

लिहिताना मी 'निओबियम'च पसंत करतो. 'नायोबियम' इंग्रजी उच्चाराच्या जवळ जातं, त्यालाही हरकत नाही. 'कोलंबियम' मात्र मिश्रधातूच्या संदर्भातच ठेवावं. आणि काँगोच्या बातम्यांतला 'कोल्टन' शब्द भेटला, तर त्यातला 'कोल' कोलंबाइट या निओबियमच्या खनिजाचा आणि 'टॅन' टँटलाइट या टँटलमच्या खनिजाचा.