गांडुळे कशामुळे गेली?

प्रश्न : मध्यम काळ्या जमिनीत मी नऊ वर्षे ठिबकवर संकरित टोमॅटो घेत आहे. विद्राव्य खते वेळच्या वेळी देतो. शेणखत मात्र चार वर्षांत घातलेले नाही. आता गांडुळे दिसत नाहीत आणि जमीन आवळून येते. रासायनिक खते एकदम बंद करावीत का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : एकदम बंद करू नयेत. नत्र युरियातील असो वा शेणातील, टोमॅटोची मुळे ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपातच घेतात. खरा फरक कर्बाचा (कार्बनचा) आहे. जमिनीतील बहुतेक जिवाणू, बुरशी आणि गांडुळे कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जगतात, आणि १९:१९:१९ च्या (नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेल्या विद्राव्य खताच्या) गोणीत त्यांना खाण्याजोगे काहीच नसते. आपल्या शेतातील जीव खताने मेले असे म्हणण्यापेक्षा ते चार वर्षे उपाशी राहिले, असे मला वाटते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगात दरवर्षी शेणखत दिलेल्या भागांतील सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक झाला. परंतु केवळ रासायनिक खत दिलेल्या भागांतही तो बिनखताच्या भागापेक्षा थोडा जास्तच राहिला, कारण जोमदार पिकाची मुळे आणि धसकटे जमिनीत अधिक पडतात.

अतिरेकाचे तोटे मात्र खरे आहेत. स्फुरद गरजेपेक्षा जास्त झाले की मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी कमी होते. नत्र वाढले की झाड नुसते पाल्यावर जाते. अमोनियम आणि पालाश यांच्या भारामुळे कॅल्शियमचे शोषण अडते, आणि त्यात पाण्याचा ताण पडला तर फळाचे टोक काळे पडते.

आता हिशेब पाहू. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरले, तर एकरी ८ टनांतून ४० किलो नत्र जमिनीत जाते, पण पहिल्या हंगामात त्याचा निम्माही भाग पिकाला मिळत नाही. संकरित टोमॅटोला एकरी सुमारे १२० किलो नत्र लागते; म्हणून उरलेली गरज यंदा विद्राव्य खतांनीच भागवावी आणि स्फुरद माती परीक्षणानुसार कमी करावे. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर मुळे खाणारी हुमणी अळी येते आणि काडीकचरा कुजताना जिवाणूच पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. लागवडीआधी ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडता आला तर उत्तम. गांडुळे विकत आणून सोडण्याची घाई करू नये. अन्न आणि ओल मिळाली की ती बांधाकडून आपणहून शेतात येतात.